एक फोटो बाकी आहे

वर्धा जिल्ह्यात लोक आश्रम बघायला जातात, दवाखान्यात जातात, नाहीतर तिकडे मुलगी दिलेली असते म्हणून जातात. मी गेलो एका कॅमेऱ्यासाठी. दोन हजार तीनच्या जानेवारीत चार दिवस तिथे होतो. ज्यांनी हा जिल्हा फक्त नागपूरच्या गाडीतून झोपेत ओलांडला आहे त्यांना या लिहिण्यातून थोडी माहिती मिळेल, आणि मला लिहिताना थोडी लाज वाटेल. दोन्ही गोष्टी व्हायला हव्यात.

आधी आमच्या मंडळाबद्दल सांगायला हवं. पुण्यात आमचं घडीच्या कॅमेऱ्यांचं मंडळ आहे. घडीचा कॅमेरा म्हणजे पुढचं झाकण उघडलं की आतून काळा भाता बाहेर येतो, भात्याच्या टोकाला भिंग असतं, आणि मिटला की कोटाच्या खिशात जातो. कोट आमच्यापैकी कोणाकडेच नाही, पण खिशात जातो हे प्रत्येकजण सांगतो. आजोबा-वडिलांच्या पिढीतले हौशी लोक हे कॅमेरे वापरत. रुंद रोल, एका रोलवर आठ फोटो. आम्ही दर रविवारी जमतो, कॅमेरे उघडतो, मिटतो, भात्याला तेलाचं बोट लावतो, एकमेकांच्या भिंगांकडे बघून 'वा' म्हणतो आणि चहा पिऊन घरी जातो. फोटो काढण्याचा प्रश्न सहसा येत नाही. रोल घातला की कॅमेरा झिजतो, असं आमच्या अध्यक्षांचं मत आहे. त्यांच्याकडे एकतीस कॅमेरे आहेत आणि घरात भिंतीवर एकच फोटो आहे, तोही शेजाऱ्याने काढलेला.

या कॅमेऱ्यांची एक गोष्ट समजून घेतली नाही तर पुढचं काही कळणार नाही. त्यांतला रोल आपोआप सरकत नाही. वरची चावी हाताने फिरवायची, आणि पाठीमागच्या छोट्या लाल काचेत पुढचा आकडा दिसला की थांबायचं. फिरवायला विसरलात तर एका फोटोवर दुसरा बसतो. दोनदा फिरवलीत तर मधला फोटो कोराच निघून जातो. चावी उलटी फिरत नाही. त्यामुळे या क्षेत्रात दोन पंथ आहेत. एक फोटो काढल्याबरोबर चावी फिरवून ठेवणाऱ्यांचा, दुसरा पुढच्या फोटोच्या ऐन आधी फिरवणाऱ्यांचा. आमचं मंडळ कट्टर दुसऱ्या पंथाचं. भाता उघडला की आत हवा ओढली जाते आणि फिल्म फुगते, म्हणून आधी भाता उघडावा, मग चावी फिरवावी, म्हणजे फिल्म ताठ बसते. या मुद्द्यावरून दोन सभासद मंडळ सोडून गेले. रोल मुळात कोणीच घालत नाही, हे त्या भांडणात कोणाच्या लक्षात आलं नाही.

माझा एक मावसभाऊ सेवाग्रामला नोकरीला आहे. त्याने फोनवर सांगितलं की पुलगावजवळ नाचणगावात मनोहरराव नावाचे एक म्हातारे कापडदुकानदार आहेत, त्यांच्याकडे जर्मन बनावटीचा घडीचा कॅमेरा आहे, चामड्याच्या पेटीसकट. भाता कसा आहे, असं मी विचारलं. मावसभाऊ म्हणाला, "मला काय कळतंय? काळा आहे." मला रात्रभर झोप लागली नाही. मनोहररावांना पत्र टाकलं. आठ दिवसांत पोस्टकार्ड आलं: 'कॅमेरा आपणांस देण्यास हरकत नाही. मी आता थकलो. मात्र आतील रोलमध्ये एक फोटो बाकी आहे. तो निघाला की खुशाल घेऊन जावे.'

एक फोटो! मी चार दिवसांची रजा टाकली. त्यातले तीन दिवस उगाचच जास्त होतील असं वाटत होतं.

पहिला दिवस : नाचणगाव

पुलगाव स्टेशनबाहेर ऑटोवाल्याला नाचणगाव म्हटलं तर त्याने "कोनाकडे?" असं विचारलं. आमच्याकडे रिक्षावाला 'येणार नाही' एवढंच सांगतो, कोणाकडे जायचंय ही चौकशी करत नाही. मी नाव सांगितलं. "फोटोवाले मनोहरराव? बसा." फोटोवाले! मी सुखावलो. पुढे तोच म्हणाला, "त्याईनं फोटो काढलेला मातर आजलोग कोनी पाह्यला नाई." हे मी मनावर घेतलं नाही.

मनोहरराव सत्तरीच्या घरातले, किडकिडीत, पांढरा शर्ट, वरचं बटणही लावलेलं. दुकान आता मुलगा बघतो. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि न विचारता कपाटातून कॅमेरा काढून समोर ठेवला. मी अनेक भाते पाहिले आहेत, पण असा पाहिला नव्हता. एकही चीर नाही. झाकण उघडलं की 'खट्' असा जो आवाज आला तो ऐकून मला आमच्या अध्यक्षांची कीव आली. मनोहररावांनी पाठीमागची लाल काच दाखवली. आत आठ आकडा दिसत होता. म्हणजे सात फोटो काढून झालेले, चावी फिरवलेली, आठवी जागा कोरी. ते पहिल्या पंथाचे निघाले. मी मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी वत्सलाकाकू पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. पोह्यांवर लालभडक तर्री ओतलेली. पोह्यांवर ओलं खोबरं असतं अशी माझी समजूत होती. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्या घासाला कानांतून काहीतरी आलं, तिसरा घास मी स्वतःहून मागितला.

"तुम्ही रोल काढाले आले ना जी?" काकूंनी विचारलं.

"कॅमेरा न्यायला आलोय."

"कॅमेरा न्या, नाईतं विहिरीत टाका. मले त्याच्यातला रोल पाह्यजे." त्या दारातच बसल्या. "माह्या आईचा फोटो हाय त्यात. अठरा वर्षं झाले. आई आर्वीहून आलती माह्याकडे, वापस जाताना पुलगावच्या ष्ट्यांडवर यायनं तिचा फोटो काढला. मी घरी होती. पुढच्या महिन्यात आई गेली. उभ्या जन्मात तिचा तो एकच फोटो, आन् तो यायनं डब्ब्यात कोंडून ठेवला."

"का पण?" मी मनोहररावांना विचारलं.

"एक बाकी हाय ना," ते म्हणाले.

"आई गेली, पोट्टे शिकले, त्याईचे लगन झाले, नातू शाळेत जाऊन राह्यला, यायचा एक बाकीच हाय," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मले आता आईचा चेहरा डोयापुढं येत नाई जी. आवाज येते. हाका मारलेल्या आयकू येतेत. चेहरा येत नाई."

मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त आनंद झाला, कारण काम सोपं दिसत होतं. मी म्हटलं, "मनोहरराव, चला अंगणात. काकूंचा एक फोटो काढा, रोल संपला, काकूंना आईचा फोटो, मला कॅमेरा."

मनोहररावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरलो होतो. "फोटो असा उगाच नसते दाबाचा साहेब. विषय पाह्यजे. उजेड पाह्यजे."

"मले नाईच काढाचा," काकूही म्हणाल्या. "मले धुतेला रोल पाह्यजे, बस."

मग सबंध दुपार आम्ही नाचणगावात विषय शोधत हिंडलो. कापसाची गाडी दिसली, मी म्हटलं काढा. ते म्हणाले, गाडी चालती आहे, हलेल. पिंपळाचा पार दिसला. माणसं फार आहेत. माणसं उठून गेल्यावर तोच पार रिकामा वाटायला लागला. एक म्हैस बराच वेळ अगदी मनाजोगी उभी राहिली. मनोहररावांनी भाता उघडला, कॅमेऱ्याच्या खिडकीतून एक डोळा मिटून पाहिलं, पावलं मोजून अंतर काढलं, भिंगाची कडी फिरवली, आभाळाकडे पाहिलं, आणि झाकण मिटलं. "उजेड सपाट हाय." म्हशीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आमच्या दोघांच्या मनात एकच विचार असावा.

संध्याकाळी जेवायला तुरीच्या सोल्यांचं, म्हणजे ओल्या दाण्यांचं वांगं, भाकरी आणि गोळाभात, म्हणजे डाळीच्या भरड्याचे गोळे घातलेला भात. आमच्याकडे पाहुण्याला 'थोडं घेणार का?' असं विचारतात आणि त्यात 'नको' हे उत्तर गृहीत धरलेलं असतं. इथे विचारत नाहीत, वाढतात. गोळाभातावर मोहरीची फोडणी दिलेलं तेल काकूंनी इतकं ओतलं की मी घाबरून ताट मागे ओढलं. "तेलाबिगर गोया घशात अडकते," त्या म्हणाल्या. जेवण झाल्यावर मी अंगणातल्या बाजेवर बसलो आणि उद्याचा बेत आखला. ज्या माणसाला म्हैस चालत नाही त्याला जगप्रसिद्ध काहीतरी दाखवायला हवं होतं.

दुसरा दिवस : सेवाग्राम

काकूही निघाल्या. "हे एकटे गेले तं तिकडचंच झाड पाहात बसतीन," असं म्हणून त्यांनी डबा भरला. एसटीत मनोहररावांनी कॅमेरा मांडीवर धरला होता, दोन्ही हातांनी.

आश्रमात शिरताना मी मनाशी म्हटलं की इथे तरी विषय नाही असं कोणी म्हणणार नाही. मातीच्या कुडाच्या झोपड्या, शेणाने सारवलेलं अंगण, जुनी झाडं, त्यांच्यातून गळणारं कोवळं ऊन. मनोहररावांनी एक चक्कर मारली. "याचा फोटो साऱ्या जगानं काढला," ते म्हणाले. "आपन काढून काय वाढवनार?" सूतकताई करणाऱ्या एका आजोबांकडे मी बोट दाखवलं. मनोहरराव त्यांच्याजवळ जाऊन बसले, अर्धा तास कापसाच्या जातींवर बोलले, आणि परत आले. "चांगला मानूस हाय. फोटो काढन्यासारखा नाई."

एवढ्यात एक परदेशी बाई आल्या. त्यांच्या हातात डिजिटल कॅमेरा होता. तेव्हा ते नवीनच होते. त्यांनी पाच मिनिटांत साठेक फोटो काढले. झोपडीचे काढले, झाडाचे काढले, माझ्या सँडलचा काढला, आणि मनोहररावांच्या गळ्यातला घडीचा कॅमेरा दिसल्यावर मात्र त्या झोपडी विसरल्या. मनोहरराव भाता उघडून ऐटीत उभे राहिले. बाईंनी त्यांचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि खुणेने विचारलं, तुम्हीही माझा एक काढा. मी आशेने पुढे सरकलो. मनोहररावांनी नम्रपणे मान हलवली. त्या बाईंना तो भारतीय अध्यात्माचा भाग वाटला असावा, कारण त्यांनी हात जोडले.

काकू लिंबाखाली डबा उघडून बसल्या होत्या. "काढला का?"

"नाही."

"जेवा मंग."

वर्ध्याहून मी गोरसपाकाचं पुडकं घेतलं होतं. हा इथला तुपाळ, खुसखुशीत प्रकार. तोंडात टाकला की विरघळतो. मी पुडकं सोडलं आणि झाडावरून एक वानर उतरलं. त्याने माझ्या हातातून पुडकं घेतलं, घाईगर्दी न करता, जणू मी ते त्याच्यासाठीच पुण्याहून आणलं होतं. सात-आठ फुटांवर जाऊन बसलं, पुडक्याची दोरी सोडली, एकेक तुकडा वास घेऊन खायला लागलं. काळं तोंड, मागून ऊन, अंगाभोवती सोनेरी कड. असा उजेड मला पुन्हा दिसला नाही.

"मनोहरराव! काढा!" मी ओरडलो.

मनोहररावांनी शांतपणे पेटीचं बटण काढलं. कॅमेरा बाहेर काढला. भाता उघडला. वानराच्या दिशेने पावलं टाकत अंतर मोजायला लागले. "चार... पाच..." त्यांच्या एका पावलाबरोबर वानर एक पाऊल मागे सरकत होतं, त्यामुळे ते अंतर कधीच पुरं होईना. शेवटी पुडकं संपलं. वानराने कागद चाटून बघितला आणि माझ्याकडे टाकून दिला. मनोहररावांनी झाकण मिटलं.

"हालते जी ते," ते म्हणाले.

काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसलो, पण आतून चिडलो होतो. पुण्यात आमच्या मंडळात फोटो न काढणारे भरपूर आहेत, पण ते निदान कोणाची आई अडवून बसलेले नाहीत. हा माणूस स्वतःला मोठा कलावंत समजतो, असं माझं पक्कं मत झालं. कलावंताचा हेका आणि बायकोचा जीव, त्यात बायकोचा जीव अठरा वर्षं हरत आला होता. येताना बसमध्ये काकू माझ्या शेजारी होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही शिकेल मानूस हा. तुमचं आयकतीन ते. माह्या मरनाच्या आधी तेवढा निंगू द्या." त्यांनी हे हसत हसत सांगितलं आणि मग खिडकीबाहेर बघत बसल्या.

तिसरा दिवस : पवनार

पवनारला धाम नदी खडकांतून वाहते. हिवाळ्यात पाणी कमी, पण स्वच्छ. काळे दगड, मध्ये पाण्याचे चकचकीत पट्टे, पलीकडे टेकाडावर आश्रमाची झाडं. आमच्या मुळा-मुठेला मी मनातल्या मनात नमस्कार केला आणि तिची माफी मागितली. घाटाच्या पायरीवर काकू बसल्या. मनोहरराव दगडांवरून खाली गेले, वर आले, पुन्हा गेले. आभाळात हलके ढग होते.

"आज उजेड बरा हाय," ते म्हणाले.

काकूंनी मान वर केली.

"पन ढग सरकून राह्यले. थांबा जरा."

आम्ही थांबलो. ढग सरकले. दुसरे आले. मग मनोहररावांना पाय धुवावेसे वाटले. त्यांनी उघडा-मिटा केलेला तो कॅमेरा माझ्या हातात दिला. "जरा धरजा. चप्पल काढतो." आणि पाण्याकडे गेले.

पुढचं जसं झालं तसं सांगतो. तीन दिवसांत तो कॅमेरा पहिल्यांदाच एकट्या माझ्या हातात आला होता. मी झाकण उघडलं. खट्. भाता बाहेर आला. मी तो डोळ्याला लावला आणि खिडकीतून नदी पाहिली. आणि माझ्या अंगठ्याने, वीस वर्षांच्या रविवारांच्या सवयीने, चावी फिरवली. आधी भाता, मग चावी. पुरे अडीच फेरे, मऊ, तेल घातल्यासारखे. आमच्या कॅमेऱ्यांत रोल नसतो; चावी फिरवली काय आणि न फिरवली काय. ती फिरवताना जो आवाज येतो तो ऐकायलाच आम्ही जमतो. मी तो डोळे मिटून ऐकला.

डोळे उघडून पाठीमागे पाहिलं तर लाल काचेत आठ नव्हता. काहीच नव्हतं. नुसता रोलच्या पाठचा कोरा कागद.

मी चावी उलटी फिरवायचा प्रयत्न केला. ती उलटी फिरत नाही, हे मीच तुम्हाला वर सांगितलं आहे.

मनोहरराव ओले पाय घेऊन वर येत होते. माझा चेहरा बघून त्यांना कळलं असावं. त्यांनी कॅमेरा घेतला, उलटा केला, लाल काचेत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"गेला?" ते म्हणाले.

"माझ्या हातून... सवयीने... आमच्या मंडळात आधी भाता उघडून मग..." मी त्या माणसाला दुसऱ्या पंथाचं तत्त्वज्ञान समजावून सांगायला लागलो होतो. ते ऐकत नव्हते. ते दगडावर बसले.

काकू पायऱ्या उतरून आल्या. "काय झालं?"

"रोल संपला," मी म्हणालो.

"पुरा झाला?"

"पुरा झाला."

काकूंनी मला हात जोडले. भर उन्हात, घाटावर, माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या बाईने. "देव तुमचं भलं करो," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं. एका मिनिटापूर्वी मी जन्मातली सगळ्यात मोठी घोडचूक केली होती, आणि आता माझे पाय धरायचे तेवढे बाकी होते. मला ते आवडलंही. मनोहररावांच्या नाकावर टिच्चून आपण एक चांगलं काम केलं, असं वाटायला लागलं. न करता झालेल्या कामाचं श्रेय घ्यायला मला कधीच वेळ लागत नाही.

मनोहररावांनी उरलेला रोल स्वतःच्या हाताने गुंडाळला. सावकाश, एकेक फेरा, अगदी शेवटपर्यंत. मग पाठ उघडून रोल बाहेर काढला, तो सुटू नये म्हणून त्याची चिठ्ठी चिकटवली, आणि काकूंच्या हातात दिला. त्या दिवशी ते नंतर एक शब्द बोलले नाहीत. रुसलाय कलावंत, असं मी मनात म्हटलं.

चौथा दिवस : सिंदी मेघे

रंगीत फोटो तासाभरात धुऊन देणारी दुकानं वर्ध्यात चौकाचौकात होती. आमचा काळा-पांढरा रुंद रोल बघून तिथली मुलं तो कशाचा भाग आहे असं विचारत होती. शेवटी एकाने सिंदी मेघेच्या गुलाबभाऊंचं नाव सांगितलं. त्यांचा जुना स्टुडिओ बंद झाला होता. आता लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करत. पण न्हाणीघराच्या खिडकीला कांबळं ठोकून केलेली अंधारी खोली अजून होती. गुलाबभाऊंनी रोल हातात घेतला, उलटापालटा केला.

"अठरा उन्हाये खाल्ले यानं," ते म्हणाले. "आपल्याकडचे उन्हाये. येईल तं येईल. माह्यावर नोका येऊ मंग."

त्यांनी औषधं कालवली आणि आत गेले. आम्ही तिघं ओसरीवर बसलो. गुलाबभाऊंच्या घरातून चहा आला. काकूंचा तसाच गार झाला. त्यांनी दोन वेळा मला विचारलं, "किती वेळ लागते?" मनोहरराव रस्त्याकडे तोंड करून बसले होते. काकू मला आईबद्दल सांगायला लागल्या. आई ठेंगणी होती, तिच्या कानात बुगड्या होत्या, ती हसली की आधी डोळे हसायचे असं सगळे म्हणत. "असं मले ठाऊक हाय," त्या म्हणाल्या, "पन दिसत नाई."

तासाभराने फिल्म वाळत टाकून गुलाबभाऊ बाहेर आले. "हाय काईतरी," एवढंच म्हणाले आणि ठसे काढायला परत गेले. या रोलचे फोटो मुळातच मोठे असल्याने कागदावर तेवढ्याच आकाराचे ठसे सरळ निघतात. दुपारी त्यांनी आम्हाला आत बोलावलं. काचेच्या तावदानावर सात ओले फोटो चिकटवलेले होते.

पहिले सहा पाहून माझं मत आणखी पक्कं झालं. एक ढग. दुसरा ढग. वाळका पळस. गाडीचं चाक, हललेलं. नदी, किंवा रस्ता. सहाव्यात नुसती जमीन आणि तिच्यावर फोटो काढणाऱ्याचीच लांब सावली. सहा फोटोंत माणूस एकच, आणि तोही स्वतः.

सातवा करडा, धुक्यातला होता, पण होता. एसटी स्टँडचा खांब. त्याच्याजवळ ठेंगणी नऊवारीतली बाई, एका हातात पिशवी. दुसरा हात तिने कपाळावर आडवा धरला होता, उन्हाकडे तोंड करून उभं केलं की माणूस धरतो तसा. त्या हाताची सावली कपाळापासून नाकापर्यंत पडली होती आणि तेवढ्या भागात काळ्याशिवाय काही नव्हतं. खाली ओठ आणि हनुवटी.

काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अगदी जवळ गेल्या.

"हनुवटी आईचीच हाय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "डोये नाई दिसत."

मग नवऱ्याकडे वळल्या. "हात खाली घ्याले सांगाचं होतं ना."

"सांगतलं," मनोहरराव म्हणाले. कालपासून त्यांचा हा पहिलाच शब्द. "सूर्य आपल्या पाठीमागं ठेवावा, म्हंजे समोरच्याच्या तोंडावर उजेड पडते, असं मी शिकेल होतो. तिच्या डोयात उन्ह गेलं. बटन दाबलं तवा दिसलं का हात आडवा हाय. म्हनलं, मामी, हात खाली घ्या, अजून एक हाय. चावी फिरवली, आठ आला, तं आर्वीची गाडी लागली. पायरीवर चढता चढता म्हने, राहू द्या जवाईबापू, तो माह्यासाठी ठेवजा. संक्रांतीले येईन तवा काढजा."

गुलाबभाऊ हात पुसायचे थांबले.

"ते काई आली नाई," मनोहरराव म्हणाले. "तिच्यासाठी ठेवला म्यां. दुसऱ्या कोनाचा कसा काढू त्याच्यात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हैस, वानर, ढग, सपाट उजेड. तीन दिवस मी ज्याला नखरा म्हणत होतो ते सगळं एका बाईसाठी जागा राखणं होतं. आणि ती जागा मी अंगठ्याने, डोळे मिटून, आवाज ऐकण्यासाठी फिरवून टाकली होती.

"मंग मले काऊन नाई सांगतलं इतके वर्षं?" काकूंनी विचारलं.

"काय सांगू? तुह्या आईचा एकच फोटो, आन् म्यां तिचे डोये घालवले, हे सांगू? रोल धुतला असता तं हे दिसलं असतं. डब्ब्यात होता तवरीक साबूत होता चेहरा."

काकू म्हणाल्या, "अठरा वर्षांचा राग हाय माह्यापाशी. आता त्याचं काय करू मी?" काकूंनी स्वतःच्या पदराचं टोक घेतलं आणि फोटोच्या कडेने ओघळणारं पाणी हळूच टिपलं. मग तेच टोक त्यांनी मनोहररावांच्या हातात दिलं, कारण त्यांच्याकडे रुमाल नव्हता.

फोटो वाळेपर्यंत आम्ही ओसरीवर बसलो. माझ्या गाडीची वेळ झाली तेव्हा मनोहररावांनी गळ्यातली पेटी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"न्या साहेब. बोली झालती ना. आता त्यात काई नाई."

मी नाही म्हणायला हवं होतं. तसं म्हणायचं ठरवून मी तोंडही उघडलं. पण त्या भात्याला एकही चीर नव्हती, आणि माझा हात पुढे झाला. काकूंनी माझ्या पिशवीतले कपडे बाजूला सारले, पेटी मधोमध आडवी ठेवली, वरून माझा टॉवेल घडी करून घातला.

"धक्का नोका लागू देजा," त्या म्हणाल्या. "लय जपला हाय त्याईनं."

तेव्हा तरी मला ती परत देता आली असती. मी पिशवी खांद्याला लावली.